कोथरूडचा फ्लॅट विकून म्युनिकला घर घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरमध्ये नोकरीसाठी म्युनिकला निघताय, कोथरूडमध्ये नवराबायकोच्या नावावर फ्लॅट आहे, तर तो विकून त्या पैशात इकडे घर घ्यावं का. मी पुण्यातला फ्लॅट इथे आल्यावर विकला आणि बऱ्याच काळानंतर इथे घर घेतलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: हे दोन व्यवहार एकमेकांत गुंतवू नका. फ्लॅट विकायचाच असेल तर येत्या ३१ मार्चच्या आत विका. इकडे मात्र काही वर्षं भाड्यानं राहा.

३१ मार्चचं कारण नीट समजून घ्या. नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर आयकराच्या हिशेबात तो पूर्ण वर्षासाठी अनिवासी ठरतो. म्हणजे ऑगस्टमध्ये निघणाऱ्यानं मे महिन्यात घर विकलं तरी तो अनिवासीच. तुमचे नोव्हेंबरपर्यंत १८२ दिवस भरतात, त्यामुळे या वर्षी तुम्ही निवासी राहाल, पुढच्या आर्थिक वर्षापासून मात्र अनिवासी. (त्यामुळे मार्चपर्यंतचा जर्मनीतला पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. दुहेरी कराची सवलत कशी घ्यायची ते सीएकडून समजून घ्या.)

फरक किती पडतो ते बघा. समजा फ्लॅट ८० लाखांना घेतला होता आणि १ कोटी २० लाखांना जातोय. विक्रेता निवासी असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो, म्हणजे १ लाख २० हजार. विक्रेता अनिवासी असेल आणि घर दोन वर्षांहून जुनं असेल, तर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर. खरेदीदाराला तुमचा नफा ठरवता येत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा पूर्ण किमतीवरच कापतो: १५ लाखांच्या वर! प्रत्यक्ष कर ४० लाखांच्या नफ्यावर, म्हणजे साधारण ५ लाख. उरलेले परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, वाट पाहून. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर मोजण्याचा पर्याय फक्त निवासींना आहे.

अनिवासी झाल्यावरच विकावं लागलं, तर सौदा पक्का करण्याआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मिळवा. त्यात काही आठवडे जातात आणि तेवढा धीर सगळ्याच खरेदीदारांना नसतो. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) येतील. तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

विकत नसाल तर निघण्याआधी मुखत्यारपत्र कराच. आई-वडील किंवा भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाच्या तरी नावे, फक्त ठरावीक कामांपुरतं, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. दोघांची नावं असल्यानं सह्या दोघांच्या लागतील. हेच इकडून करायचं तर भारतीय वकिलातीत जा, कागद पुण्याला पाठवा, आणि तो पोहोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. भाडेकरू ठेवलात तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, आणि महापालिका राहत्या घराला मिळकतकरात देते ती ४० टक्के सवलत जाते. सोसायटीतलं नॉमिनेशनही तपासा.

आता म्युनिक. घराच्या किमतीवर जो खर्च चढतो तो आपल्या लोकांच्या गणितात नसतो. बायर्न राज्यात खरेदीकर ३.५ टक्के (नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात तोच ६.५), नोटार (घराचा करार ज्याच्यापुढे करावा लागतो तो सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) आणि जमीन नोंदणी मिळून सुमारे २ टक्के, आणि माक्लर, म्हणजे एजंट, मध्ये असेल तर बहुधा ३.५७ टक्के. ५ लाख युरोंच्या घराला हे जवळपास ४५ हजार होतात. बँक यासाठी सहसा कर्ज देत नाही आणि घर विकताना ते परत मिळत नाहीत. नोकरीनं दोन वर्षांत स्टुटगार्टला नेलं तर हा पैसा गेलाच. ठरावीक व्याजदराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक भरपाई मागते. १० वर्षं झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन त्यातून मोकळं होता येतं.

नोटारकडे करार मोठ्यानं वाचला जातो. मसुदा दोन आठवडे आधी हातात पडायला हवा, आणि जर्मन कळत नसेल तर दुभाषी घ्याच. पण नोटार दोन्ही पक्षांचा असतो. इमारतीचं छत गळतं का हे तो बघत नाही. त्यासाठी मालकांच्या सभांची गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागा आणि दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते विचारा. मला या इतिवृत्तांतून जेवढं कळलं तेवढं घर तीनदा बघूनही कळलं नव्हतं. आणि पुण्यासारखं टोकन देऊन घर अडवता येईल असं समजू नका: नोटारपुढे सही होईपर्यंत मालक दुसऱ्याला विकू शकतो.

फ्लॅट कोणत्या वर्षी, कितीला घेतला आणि वहिनी तुमच्याबरोबरच निघताहेत की नंतर, ते कळवा. प्रत्येक मालकाचं निवासी असणं वेगळं मोजतात, त्यामुळे त्यांच्या हिश्शाचं गणित निराळं असू शकतं.