नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे. पोटगी आणि मुलीचा ताबा मिळेल का?

ताई, मुलगी 4 वर्षांची आहे आणि कळव्याला माहेरी तुमच्याजवळच आहे, तेव्हा ताब्याची धास्ती घेऊ नका. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार 5 वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहतं.

प्रकरण सिद्ध झालं तर घटस्फोटाला आधार मिळतो, पण पोटगीचा आकडा मुख्यतः दोघांची कमाई आणि गरज बघून ठरतो. म्हणून त्या बाईसोबतच्या स्क्रीनशॉटपेक्षा नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, बालवाडीच्या फीच्या पावत्या, औषधांची बिलं एका फाइलीत लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून मिळकतीचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. उशीर म्हणजे थेट नुकसान! ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अंतरिम पोटगीचा (खटला चालू असेपर्यंतच्या पोटगीचा) अर्ज याच आठवड्यात टाका. आणि मुलीचा खर्च सोडून कुठल्याही समझोत्यावर सही करू नका, तो तिचा हक्क आहे.