भगवा आलाय का?

१९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ ची विक्री सुरू झाली, २२ ला जीएसटीचे नवे दर लागले, २३ ला दोन्ही मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सेल उघडले. सगळं एकाच आठवड्यात. त्यामुळे साताऱ्यातल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर आणि या सदराच्या टपालात काय झुंबड उडाली असेल, ते तुम्हीच समजून घ्या. पत्रं थोडी कापून छापतेय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.

ताई, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला आयफोन १७ चा नारंगी प्रो, म्हणजे वरचा महागडा प्रकार, हवाय. किंमत १,३४,९०० रुपये! नेटवर निम्मे लोक ‘काय भारी’ म्हणतात, निम्मे ‘नुसता रंग बदललाय’ म्हणतात. खरं काय मानायचं?
— एक वडील, कराड

दादा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण बोलतायत वेगवेगळ्या फोनबद्दल. ‘नुसता रंग’ म्हणणारे प्रोकडे बघून बोलतात. त्यातही टायटॅनियम जाऊन ॲल्युमिनियमची बॉडी आली, पाठीमागचा कॅमेऱ्याचा उंचवटा आडवा पसरला, झूमचा कॅमेरा सुधारला. पण आधीच्या वर्षीचा प्रो ज्याच्या खिशात आहे त्याने उडी मारावी असं त्यात काही नाही. खरा फरक पडलाय तो साध्या १७ मध्ये. १२० हर्ट्झची स्क्रीन, म्हणजे बोट फिरवल्यावर लोण्यासारखी सरकणारी, आजवर फक्त प्रोवाल्यांना मिळायची. ती आता साध्याला मिळाली. स्टोरेज १२८ वरून थेट २५६ जीबीपासून सुरू. बाजारात आला तेव्हाची किंमत ८२,९००. २०२४ मध्ये १६ आला तेव्हा १२८ जीबीचेच ७९,९०० मोजावे लागत होते. म्हणूनच दरवर्षी ‘ॲपलने काय नवीन दिलं’ म्हणून नाक मुरडणारे या वेळी साध्या फोनबद्दल जरा गप्प होते.

आता काउंटरवरचं सांगते. प्रोसेसर कुठला, हे मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. ‘भगवा आलाय का?’ हे मात्र येणारा-जाणारा विचारत होता. कंपनी त्याला कॉस्मिक ऑरेंज म्हणते, साताऱ्यात तो पहिल्या दिवसापासून भगवाच. एका गृहस्थांना तो उन्हात कसा दिसतो ते बघायचं होतं. डेमोचा फोन वायरने बांधलेला, दारापर्यंत पोचेना. मग ते स्वतःच काउंटरवर ओणवे झाले, फोन जमेल तेवढा दाराकडे ताणला आणि मान वाकडी करून बघत राहिले. बायको मागून म्हणत होती, ‘अहो, घ्या ना एकदाचा!’ घेतला. बिल झालं, आणि पुढचं वाक्य काय? ‘एक दणकट काळं कव्हर द्या.’ मी काही बोलले नाही, पारदर्शक कव्हर काढून समोर ठेवलं.

रंगासाठी फोन घेण्यात कमीपणा नाही. आपण गाडी रंग बघूनच घेतो, साडी तर घेतोच. फक्त रंगासाठी घेतोय हे स्वतःशी कबूल करावं, म्हणजे मग कॅमेऱ्याची कारणं रचावी लागत नाहीत.

तुमच्या मुलाचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण पैसे तुमचे आहेत. साधा आणि प्रो यांत ५२,००० रुपयांचं अंतर आहे. ते ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये विरघळून जातं असं त्याने तुम्हाला सांगितलं असेल. नाही विरघळत. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली आहे. म्हणून होतं असं, की बँक व्याज लावतेच आणि तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून आधी वजा दाखवतात. क्रेडिट कार्डावर घेतलात तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी तुमच्या माथी राहते. रक्कम फार मोठी नसते, पण ‘नो कॉस्ट’ म्हणण्याइतकी छोटीही नसते. त्याला म्हणावं, साधा १७ बाबांकडून. वरचे बावन्न हजार इंटर्नशिपमधून घाल आणि मग खुशाल भगवा घे.

जीएसटी कमी झाला असं टीव्हीवर दिवसभर सांगत होते. दुकानदार मात्र मोबाइलचा जुनाच भाव सांगतो. फसवतोय का?
— एक वाचक, फलटण

नाही हो, बिचाऱ्याला या एका गोष्टीसाठी माफ करा. २२ सप्टेंबरपासून एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइल आधीपासूनच १८ वर होता, तिथेच राहिला. (१ एप्रिल २०२० पूर्वी तो १२ टक्के होता, ते आता कुणाला आठवतही नाही.) त्या आठवड्यात हे समजावून समजावून आमच्या पोराचा घसा बसला. नवा फोन आल्यावर जुना १६ मात्र कंपनीनेच ६९,९०० वर आणला. ती घट जीएसटीची नव्हे.

नव्या आयफोनसाठी मी मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाच्या रांगेत रात्रभर उभा होतो. घरी, ऑफिसात सगळे अजून हसतात. एवढं चुकलं का माझं?
— एक वाचक, डोंबिवली

तुमचा वेळ, तुमची रात्र. लोक लालबागच्या रांगेत उभे राहतात, पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळालाही उभे राहतात. त्यांना कुणी हसत नाही. बीकेसीत त्या सकाळी धक्काबुक्की झाली, ते मात्र वाईट झालं. आता दुसऱ्या खेपेला ऑनलाइन आधी नोंदवा आणि दुकानातून उचला, तेही मिळतं. पुण्यात कोरेगाव पार्कला ४ सप्टेंबरपासून ॲपलचं दुकान सुरू झालंय, तेव्हा पुण्याकडच्यांना तर मुंबई गाठायचीही गरज उरली नाही.

आणि रांगेतला प्रत्येक माणूस हौशी असतो असं समजू नका. पहिल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकणारे त्यात असतात, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

फोन आला आणि दोन दिवसांत ‘स्क्रॅचगेट’ म्हणून बोंब सुरू झाली. कुणी म्हणतो ओरखडे पडतात, कुणी म्हणतो साफ खोटं. पहिल्या आठवड्यातल्या या आरड्याओरड्यावर किती विश्वास ठेवायचा?
— एक वाचिका, सांगली

ओरखड्यांचं आधी. दुकानांतल्या डेमो फोनच्या पाठीवर गोल खुणा दिसल्या, त्यांचे फोटो फिरले. कंपनीचं म्हणणं, की स्टँडवरच्या झिजलेल्या मॅगसेफचा (फोन चुंबकाने धरणारी चार्जिंगची चकती) तो अंश फोनला चिकटला होता, पुसला की जातो. प्रोच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्याची धार मात्र खरोखर नाजूक आहे. रंगाचा थर तीक्ष्ण कडेवर नीट धरत नाही, तिथून तो उडतो. खिशात किल्ल्या आणि चिल्लर ठेवत असाल तर कव्हर घाला, विषय संपला.

आता तुमचा मोठा प्रश्न. प्रत्येक नव्या फोनमागे एक ‘गेट’, म्हणजे दोषाची अशी गाजलेली बोंब, येतंच. २०१० मध्ये आयफोन ४ डाव्या हातात खालच्या कोपऱ्याला धरला की रेंज पडायची. जगभर गदारोळ झाला. १६ जुलैला स्टीव्ह जॉब्सने पत्रकारांना बोलावून सगळ्यांना फुकट कव्हर जाहीर केलं आणि एक आकडाही सांगितला: अँटेनाची तक्रार घेऊन कंपनीला फोन करणारे ग्राहक होते ०.५५ टक्के. दोष खरा होता, पण बोंब दोषाच्या कितीतरी पट. २०२३ मध्ये १५ प्रो तापतो म्हणून ओरड झाली. कंपनीने सॉफ्टवेअरमधली चूक आणि इन्स्टाग्रामसारखी काही ॲप्स यांच्यावर बोट ठेवलं, ऑक्टोबरात १७.०.३ चं अपडेट दिलं, ओरड थंडावली.

म्हणून सगळी ओरड फोलच असते असं म्हणाल तर २०१६ चा गॅलक्सी नोट ७ आठवा. १९ ऑगस्टला विक्री सुरू, आठवड्याभरात जळालेल्या फोनचे फोटो. लोक म्हणाले प्रतिस्पर्ध्यांनी उठवलंय. २ सप्टेंबरला सॅमसंगने फोन परत मागवले, बदली दिलेलेही पेटले, ११ ऑक्टोबरला मॉडेलच बंद. दोष बॅटरीत निघाला. आपल्याकडे विक्री सुरूच झाली नव्हती, म्हणून आपण वाचलो.

मी स्वतः काय बघते? तक्रार वेगवेगळ्या गावचे लोक एकाच जागेबद्दल, एकाच लक्षणाने करतायत का. ‘बकवास फोन’ ही तक्रार नव्हे, तो राग आहे. ‘चार्जिंगला लावल्यावर वरचा उजवा कोपरा हिरवा होतो’ ही तक्रार. ऑनलाइन पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या. तीन तारेवाले सावकाश आणि कामाचं लिहितात. पहिल्याच दिवशी पडलेल्या पंचतारांकित स्तुतीत तर फोनचं नावसुद्धा कधीकधी दुसऱ्याच मॉडेलचं असतं. अशा खोट्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक, आणि ऐच्छिकाचं आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणताच. ज्यांना घाई नाही त्यांनी महिनाभर थांबावं. तोवर पहिलं अपडेट येऊन गेलेलं असतं आणि सर्व्हिस सेंटरच्या बाकड्यावर कोण काय घेऊन बसलंय तेही कळतं. मला विचाराल तर फोनबद्दलचं खरं मत त्या बाकड्यावरच ऐकायला मिळतं.

नवा आला की माझा जुना मुद्दाम हळू करतात, असं जावई म्हणतो. पटत नाही, पण फोन खरंच हळू झालाय.
— एक काकू, इचलकरंजी

काकू, जावयांचं म्हणणं हवेतलं नाही. २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटने बॅटरी थकलेले आयफोन मुद्दाम हळू चालवले जात होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण. दोष तो नव्हे, ग्राहकाला न सांगणं हा दोष. डिसेंबरात कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. २०२० मध्ये फ्रान्सने याच कारणासाठी अडीच कोटी युरोंचा दंड केला.

तुमच्या फोनचं बहुधा साधंच असेल. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदला, फोन नको. आणि ते ‘शुभ सकाळ’चे फोटो पुसा. मेमरी गच्च भरली की कुठलाही फोन रडतो.

नवा फोन (कंपनी वेगळी) घेतला, चौथ्या दिवशी स्क्रीनवर उभी रेघ आली. दुकानदार म्हणतो ‘सर्व्हिस सेंटरला जा, आमचा संबंध संपला.’
— एक वाचक, बार्शी

संबंध संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) वाचा. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदतच लिहिली नसेल तर ३० दिवस धरायचे. आधी बिल काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

दुकानदार पिटाळतो त्याची मेख सांगते, मीही दुकानदारच. घेतल्या घेतल्या बिघडलेल्या फोनला आम्ही ‘डीओए’ म्हणतो. सर्व्हिस सेंटरने तसा कागद दिला तरच कंपनी आम्हाला फोन बदलून देते. म्हणून तुम्ही तिथे जा, पण ‘दुरुस्त करा’ म्हणू नका, ‘डीओए सर्टिफिकेट द्या’ म्हणा. मुदत कंपनीगणिक वेगळी आणि तुटपुंजी असते, आजच जा. जॉब शीटवर (फोन जमा करताना भरतात तो कागद) ‘ग्राहकाच्या हातून नुकसान’ असं काही लिहिलं तर सही करू नका, आधी फोनच्या चारही कडांचे फोटो त्यांच्यासमोर काढा. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्याशी जुळवा, तो जुळला नाही तर प्रकरण वेगळंच आहे.

तरी दाद दिली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. दुकान पुण्यात असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या सोलापूर जिल्ह्यात करता येते. वकील नसला तरी चालतं.

मुलगा दुबईला असतो. आईसाठी आयफोन एअर आणतो म्हणतो. त्यात सिमची जागाच नाही म्हणे?
— एक वाचक, रत्नागिरी

नाहीच. एअर जगभर ई-सिमचाच आहे, म्हणजे सिम फोनच्या आतच, बाहेर काढायची चिप नाही. ५.६ मिलिमीटर जाडीत खाच मावणार कुठे? मागे कॅमेरा एक, स्पीकर एक. ई-सिम आपल्या कंपन्या देतात, ती अडचण नाही. अडचण अशी, की फोन पडून फुटला तर सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये घालता येणार नाही. शिवाय सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे पेन्शनच्या बँकेचा ओटीपीही नाही. आणि मुलगा ‘मग साधा १७ आणतो’ म्हणाला तर थांबवा. दुबईत मिळणारा १७ सुद्धा ई-सिमवालाच आहे, खाच आहे ती भारतात विकल्या जाणाऱ्या १७ ला. फोन इथे घ्या, त्याला खजूर आणायला सांगा.