वडिलांच्या लिव्हरमध्ये अडीच सेंमीची कॅन्सरची गाठ आहे, सुईने जाळून फरक पडतो का?

हो, पडतो. गाठ ३ सेंमीच्या आत असली की ही ट्रीटमेंट चांगली मानतात, २ सेंमीच्या आत असेल तर रिझल्ट ऑपरेशनच्या जवळपास येतो. सोनोग्राफी नाहीतर सीटीवर बघत बघत सुई थेट गाठीत घालतात, टोकाशी ६० डिग्रीच्या वर उष्णता जाते आणि गाठ कडेच्या थोड्या चांगल्या भागासकट मरते. माझ्या मामांना रावेरहून मुंबईला नेलं होतं, दुसऱ्या दिवशी बरगडीखाली फक्त एक छोटीशी पट्टी, आणि पंधरा दिवसांत मामा केळीच्या बागेत चक्कर मारायला लागले.

पण खरं सांगू का, गाठ गेली तरी लिव्हर बहुतेक वेळा तेच सिरोसिसवालं, म्हणजे चट्टे पडून कडक झालेलं, राहतं, म्हणून ५ वर्षांत निम्म्याहून जास्त पेशंटना दुसरीकडे नवीन गाठ येते. लवकर सापडली तर बऱ्याचदा तीही जाळता येते, त्यामुळे महिन्याने सीटी आणि मग दर ३-४ महिन्यांनी तपासणी चुकवू नका, केळीची कापणी चालू असली तरी. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेला थोडी गाठ जिवंत राहू शकते, तसं असेल तर डॉक्टरांना मायक्रोवेव्हच्या सुईने जाळण्याचं नक्की विचारा, त्यात हा त्रास कमी होतो.