मुखपृष्ठावरच्या नावामागे कोण असते?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रहस्यकथा, विज्ञानकथा आणि अशाच अन्य लोकप्रिय प्रकारांतील कादंबऱ्या व त्यांचे लेखक यांच्याविषयी होती. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : अगाथा ख्रिस्ती यांच्या मिळतील तेवढ्या कादंबऱ्या वाचून झाल्या. ‘ख्रिस्ती आवडत असतील तर हे वाचा’ अशा याद्यांवरून घेतलेली पुस्तके मात्र निम्म्यावर सोडावी लागली. पुढचा लेखक शोधायचा तरी कसा?

या याद्या साहित्यप्रकारावरून तयार होतात आणि आपली आवड मात्र त्या प्रकाराच्या आत कुठल्यातरी एकाच गोष्टीवर जडलेली असते, त्यामुळे त्या फसतात. ख्रिस्तींनी ६६ रहस्य-कादंबऱ्या लिहिल्या. कोणाला त्यांतील कोड्याची बांधणी आवडते, म्हणजे सगळे धागेदोरे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवूनही त्याला चकवण्याची हातोटी. कोणाला त्यांच्या मिस मार्पल या वृद्ध शोधक बाईंची माणसे ओळखण्याची नजर भावते, तर कोणाला पॉयरो या त्यांच्या गुप्तहेराचा सहवासच पुरेसा असतो, खून कोणी का केला असेना. आपण यांपैकी कोणत्या गटात बसतो हे आधी ठरवावे, म्हणजे पुढचा शोध बराच सोपा होतो.

कोड्याची ओढ असेल तर जॉन डिक्सन कार यांच्याकडे वळावे. आतून बंद असलेल्या खोलीतील खून हा त्यांचा खास प्रांत होता. १९३५ साली आलेल्या ‘द हॉलो मॅन’ या कादंबरीत तर डॉ. गिडियन फेल कथानक बाजूला ठेवून बंद खोलीतील खुनांच्या निरनिराळ्या युक्त्यांवर एक अख्खे प्रकरणभर व्याख्यान देतात, आणि नवल म्हणजे ते कंटाळवाणे होत नाही. माणसाच्या मनाचे कोपरे पाहायचे असतील तर रूथ रेंडेल यांना वाचावे. गुप्तहेराचा सहवास हवा असेल तर जॉर्ज सिमेनाँ यांच्या मेग्रे या अधिकाऱ्यावरील ७५ कादंबऱ्या आहेत. मात्र सिमेनाँ यांना खून कोणी केला यापेक्षा तो का करावासा वाटला यात अधिक रस असतो. धागेदोरे जुळवत बसणाऱ्या वाचकाला तेथे फसवणूक झाल्यासारखे वाटेल, आणि तो दोष सिमेनाँ यांचा नसेल.

याद्यांपेक्षा मला भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे लेखक स्वतः कोणाला वाचत होते, याचा माग काढणे. प्रस्तावना, अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश ही आपण सहसा ओलांडून जातो ती पाने त्यासाठी वाचावीत. स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वालू या लेखक-जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघे एकेक प्रकरण आलटूनपालटून लिहीत. याच दोघांनी अमेरिकी लेखक एड मॅकबेन यांच्या कादंबऱ्यांचे स्वीडिश भाषेत अनुवाद केले होते. एका पोलीस ठाण्यातील सगळ्या माणसांना मिळून कथेचा नायक करण्याची मॅकबेन यांची रीत १९५६च्या ‘कॉप हेटर’पासून सुरू झाली होती. पुढे हेनिंग मांकेल यांनी श्योवाल आणि वालू यांचे ऋण मोकळेपणाने मानले, आणि त्यांचा वालांडर हा पोलीस अधिकारी १९९१ साली वाचकांसमोर आला. म्हणजे मांकेल यांची एक कादंबरी आवडली तर मागे चालत जाऊन तीन देखण्या मालिका हाती लागतात.

पुरस्कारांचाही उपयोग होतो, पण मत कोण देते हे पाहून. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून दिला जात असून तो या कथांच्या जागतिक संमेलनाचे सदस्य असलेल्या वाचकांच्या मतांवर ठरतो. याच प्रकारांसाठीच्या नेब्युला पुरस्कारासाठी मात्र लेखकांची संघटना मतदान करते, आणि रहस्यकथांसाठीचा एडगर हा अमेरिकेतील रहस्यकथालेखकांच्या संस्थेचा पुरस्कार आहे. विजेत्यापेक्षा अंतिम यादीतील बाकीची नावे मला नेहमी अधिक उपयोगी वाटली आहेत, कारण बहुमताला न पटलेली विचित्र, धाडसी पुस्तके तेथे सापडतात.

प्रश्न : मोठी मालिका कोठून वाचायला घ्यावी? पहिल्या भागापासूनच सुरुवात करणे आवश्यक आहे का?

ते मालिकेवर अवलंबून आहे. पॉयरोच्या कादंबऱ्या कोणत्याही क्रमाने वाचल्या तरी चालते. फक्त ‘कर्टन’ शेवटी ठेवावी, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवलेली आणि १९७५ साली प्रकाशित झालेली ती त्याची अखेरची कथा आहे. जेथे गुप्तहेराचे स्वतःचे आयुष्य पुस्तकागणिक पुढे सरकते, तेथे मात्र क्रम मोडला की हानी होते. नॉर्वेच्या यो नेस्बो यांच्या इंग्रजी वाचकांना हा अनुभव पुरेपूर आला. हॅरी हूले या पोलीस अधिकाऱ्यावरील त्यांच्या मालिकेतील पाचवी कादंबरी इंग्रजीत २००५ साली आली, पुढच्या वर्षी तिसरी आली, आणि १९९७ साली मूळ भाषेत प्रकाशित झालेली पहिली कादंबरी ‘द बॅट’ इंग्रजी वाचकांना मिळायला २०१२ साल उजाडले. तेव्हा अनुवादाच्या तारखेवर विसंबू नये आणि मूळ भाषेतील प्रकाशनवर्ष पाहावे.

दुसरा पेच कथेतील काळक्रमाचा आहे. आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ त्रयी १९५१ ते १९५३ या काळात पुस्तकरूपाने आली आणि तिच्या आधीचा काळ सांगणारी ‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’ १९८८ साली आली. कथेतील घटनाक्रमाने वाचायचे ठरवले तर ही नंतरची कादंबरी आधी वाचावी लागते, आणि मग त्रयीत लेखकाने जपून ठेवलेली गुपिते आपल्याला अगोदरच कळून बसतात. प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावे, असे माझे ठाम मत आहे. एवढेच की मालिकेचे पहिले पुस्तक अनेकदा लेखकाचा हात बसण्यापूर्वीचे असते, त्यामुळे ते बेताचे वाटले म्हणून लेखकाला लगेच निकालात काढू नये.

प्रश्न : आपल्या आवडत्या लेखकाने दुसऱ्याही नावाने लिहिले आहे, हे कित्येकदा फार उशिरा कळते. लेखक असे का करतात, आणि वाचकाने ही नावे कशी शोधावीत?

कारणे बरीच आहेत, आणि सगळ्यांच्या मुळाशी लपवाछपवी नसते. रूथ रेंडेल यांनी १९८६ पासून बार्बरा व्हाइन या नावाने कादंबऱ्या लिहिल्या, पण ते गुपित नव्हते. वेक्सफर्ड या अधिकाऱ्याच्या कथा एका नावाने आणि जुन्या कौटुंबिक अपराधांचा संथपणे उलगडा करणाऱ्या कथा दुसऱ्या नावाने, अशी ती वाचकाच्या सोयीची विभागणी होती. ख्रिस्तींनी मात्र मेरी वेस्टमॅकॉट या नावाने लिहिलेल्या सहा कादंबऱ्यांचे गुपित बरीच वर्षे जपले, कारण त्यांत खून नव्हता आणि ख्रिस्ती हे नाव पाहून तो शोधणाऱ्यांची निराशा त्यांना नको होती.

स्टीफन किंग यांची अडचण वेगळी होती. एका लेखकाचे वर्षाला एकाहून अधिक पुस्तक बाजारात आणू नये, असा त्या काळी प्रकाशकांचा समज होता आणि किंग यांचा लिहिण्याचा वेग त्यात मावणारा नव्हता. म्हणून रिचर्ड बाकमन जन्माला आला. शिवाय यश आपल्या लेखनाला मिळते की नावाला, हेही किंग यांना पाहायचे होते. १९८५ साली हे गुपित फुटले. वॉशिंग्टनमधील पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका वाचकाला शैलीवरून संशय आला, त्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील कॉपीराइटच्या नोंदी चाळल्या आणि बाकमनच्या एका जुन्या कादंबरीच्या नोंदीत त्याला किंग यांचे नाव मिळाले. जे. के. रोलिंग यांच्या रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाला तर तीनच महिन्यांचे आयुष्य लाभले. ‘द कुकूज कॉलिंग’ एप्रिल २०१३ मध्ये आली आणि जुलैमध्ये लेखिका उघड झाली. त्यासाठी संगणकाच्या साहाय्याने शब्दांच्या वापराची तुलनाही करण्यात आली होती.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती जेम्स टिपट्री ज्युनियर यांची गोष्ट. या नावाने १९६८ पासून विज्ञानकथा येऊ लागल्या. लेखकाला कोणी पाहिलेले नव्हते आणि सगळा व्यवहार पत्रांतून चाले. हे लेखन स्त्रीचे असावे ही शंका काहींनी बोलून दाखवली, तेव्हा रॉबर्ट सिल्वरबर्ग यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने १९७५ साली एका संग्रहाच्या प्रस्तावनेत ती साफ फेटाळली आणि या लेखनातील पुरुषीपणा निःसंशय असल्याचे सांगितले. पुढे टिपट्री यांनी पत्रांतून आईच्या मृत्यूचा उल्लेख केला, चाहत्यांनी मृत्युलेख शोधून काढला आणि एकेकाळी अमेरिकी गुप्तचर संस्थेत काम केलेल्या अ‍ॅलिस शेल्डन या मानसशास्त्रज्ञ बाई समोर आल्या. टिपट्री हे आडनाव त्यांनी मुरंब्याच्या बरणीवरून उचलले होते. त्यांच्या कथा वाचताना ही हकिकत ठाऊक असावी की नसावी, याबाबत मतभेद होऊ शकतील. माझ्या मते पहिल्या वाचनात ती ठाऊक नसणेच बरे.

याउलट एका नावामागे अनेक माणसेही असतात. एलरी क्वीन म्हणजे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे नात्याने भाऊ असलेले दोन लेखक होत, आणि १९६०च्या दशकात त्यांच्या नावावरील काही कादंबऱ्या इतरांनी लिहिल्या. १९६३ची ‘द प्लेअर ऑन द अदर साइड’ ही थिओडोर स्टर्जन या विज्ञानकथालेखकाने डॅने यांच्या आराखड्यावरून लिहिली होती. तुम्हाला एलरी क्वीनचे तेवढे एकच पुस्तक आवडले असेल, तर पुढे बहुधा स्टर्जन वाचावा लागेल! नॅन्सी ड्रू मालिकेची लेखिका म्हणून छापले जाणारे कॅरोलिन कीन हे नाव तर कोणाही व्यक्तीचे नव्हते. एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या संस्थेने १९३० साली सुरू केलेल्या या मालिकेतील सुरुवातीची बहुतेक पुस्तके मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली.

शोधण्याचा पहिला उपाय साधा आहे. शीर्षकपानामागील कॉपीराइटचे पान पाहावे. मुखपृष्ठावर एक नाव आणि हक्कांच्या ओळीत दुसरे असेल, तर धागा हाती लागला असे समजावे.

प्रश्न : लेखकाचे निधन होऊनही त्याच्या नावाची नवी पुस्तके येत राहतात. ती वाचावीत का?

मोठ्या अक्षरांतले नाव सोडून लहान अक्षरांतले नाव वाचावे आणि मग ठरवावे. रॉबर्ट लडलम २००१ साली वारले आणि त्यांचा बॉर्न हा हेरकथांचा नायक पुढे एरिक व्हॅन लस्टबेडर यांनी चालवला. स्टीग लार्सन यांची मालिका डेव्हिड लागरक्रांट्स यांनी पुढे नेली. यांत पात्र तेच राहते, पण ते पाहणारी नजर दुसऱ्याची असते. अशा पुस्तकांतून क्वचित एखादे चांगले निघते, तरी मूळ लेखकाची पुस्तके संपलेली नसताना त्यांच्याकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : अनुवादातून वाचताना आपल्याला मूळ लेखक कितपत भेटतो?

हे अनुवादकाच्या निष्ठेवर आणि प्रकाशकाच्या कात्रीवर अवलंबून असते. ज्यूल व्हर्न यांच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’च्या इंग्रजीतील सुरुवातीच्या अनुवादात मजकुराचा सुमारे चौथा हिस्सा गाळलेला होता, आणि त्यात शास्त्रीय व राजकीय भाग बराच होता. व्हर्न हे केवळ मुलांचे लेखक, असा समज इंग्रजी वाचकांत रुजण्यास अशा अनुवादांचा मोठा हातभार लागला. मराठीत भा. रा. भागवतांमुळे व्हर्न भेटलेल्या वाचकांनीही मोठेपणी संपूर्ण अनुवाद पुन्हा वाचून पाहावा. तो वेगळाच लेखक वाटेल.

कधी अनुवाद मूळ लेखकाच्या मनाजवळ अधिक जातो. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’च्या चिनी पुस्तकात माओंच्या काळातील सांस्कृतिक क्रांतीचे प्रसंग मध्यात दडवले होते. केन लिऊ यांनी ते इंग्रजी अनुवादात लेखकाच्या संमतीने आरंभी आणले, आणि लेखकाची मूळ इच्छाही तीच होती. २०१५ साली ह्यूगो मिळवणारी ही पहिली अनुवादित कादंबरी ठरली. केन लिऊ स्वतः उत्तम कथालेखक आहेत, हे त्यांच्या अनुवादाच्या अनेक वाचकांना नंतर कळले.

प्रश्न : मी आजवर फक्त रहस्यकथा वाचल्या. प्रणयकथांबद्दल मनात थोडी अढी आहे. एकच नाव सुचवाल का?

जॉर्जेट हेयर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या प्रणयकथांचा उपप्रकार त्यांनी घडवला. त्यांनी रहस्यकथाही लिहिल्या आहेत, त्यामुळे तुम्हाला उंबरठा ओलांडणे सोपे जाईल. त्यांच्या कथांत हुंदक्यांपेक्षा विनोद अधिक असतो आणि संवाद लखलखीत असतात. मुलाखती देणे त्या कटाक्षाने टाळत, त्यामुळे लेखिकेविषयी जे काही कळते ते मुख्यतः पुस्तकांतूनच. १९६५ची ‘फ्रेडरिका’ आधी घ्यावी. अनेक जण ‘द ग्रँड सोफी’ सुचवतात आणि ती अधिक धमाल आहेही, परंतु तिच्यातील सावकाराचे चित्रण ज्यूद्वेषाने माखलेले असून आज फार खटकते, म्हणून तिचा क्रमांक नंतरचा ठेवावा.