गावच्या उत्सवांचे फोटो काढायला सुरुवात करतोय, ६० हजारांत कॅमेरा कोणता घेऊ?

तुम्ही विचारलंय की माशेलचा चिखलात खेळायचा चिखलकालो, फोंड्याचा होळीच्या दिवसांतला शिगमो, कुंभारजुव्याचा होड्यांवरचा सांगोड असे आपल्या गोव्यातले उत्सव टिपायचे आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा. कॅमेऱ्याचं सांगतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'नावंबिवं नकोत, मला फक्त मूड पकडायचाय.' उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

मूड पकडणारे गोव्यात पुष्कळ आहेत. मोठ्या लेन्सा घेऊन येतात, चिखलाने माखलेला एक चेहरा टिपतात नि निघून जातात. गावातल्या फोटोग्राफरचं निम्मं काम नावं लिहिणं हे आहे. एका दैनिकाच्या डेस्कवरच्या गृहस्थांशी यावरून माझा जुना वाद आहे. मी वाड्यासकट नावं पाठवायचो आणि छापून यायचं 'चिखलात रंगलेली तरुणाई'. त्यांचं म्हणणं, नावांना जागा नसते. सहा नावं दोन ओळींत मावतात. पोराचा फोटो आला म्हणून जी आई तो अंक घेऊन ठेवते, ती त्या दोन ओळींसाठी ठेवते.

चिखलकाल्याचंच घ्या, कारण नावांचा कस तिथे लागतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळातलं भजन संपतं आणि अंगाला तेल लावून मंडळी मैदानात उतरतात. थोड्या वेळात सगळे एकाच रंगाचे. कोण कुणाचा, हे सख्ख्या भावालाही ओळखता येत नाही. म्हणून खरं काम मैदानाबाहेर, आधी सुरू होतं. तेल चोळत असतात तेव्हाच एकेका घोळक्याचा स्वच्छ चेहऱ्यांचा फोटो घ्या, गुडघ्यापर्यंत, म्हणजे चड्डीचा रंग, हातातला गंडा, गळ्यातली माळ दिसेल. लगेच डावीकडून उजवीकडे नावं विचारा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. पावसात वहीवर लिहायचंच झालं तर पेन्सिलीने, शाई उतरते. घरी आल्यावर चिखलातले फोटो या फोटोंशी चड्डी आणि गंड्यावरून जुळवायचे. तरीही दोनचार जण उरतात. ते प्रिंट घेऊन देवळाच्या सभामंडपात जायचं, तिथे बसलेली वडीलधारी माणसं चालण्याच्या ढबीवरून सांगतात.

नुसतं 'संतोष नाईक' लिहून भागत नाही. एका वाड्यावर चार निघतील. वडलांचं नाव आणि वाडा हवाच. आडनाव कसं लिहितात तेही त्यांनाच विचारा, गांवकर की गावकर हे तुम्ही ठरवायचं नाही.

आता चिखलातलं तांत्रिक. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा डोळे शोधणारा फोकस माखलेल्या चेहऱ्यावर भरकटतो, मागच्या कोरड्या प्रेक्षकावर जाऊन बसतो. एकच फोकस बिंदू ठेवून तो स्वतः डोळ्यावर न्या. उडणारा चिखल थांबवायचा तर शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ नको, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० पर्यंत चढला तरी चालेल. आषाढातलं आभाळ पांढरं असतं, ते चौकटीत आलं की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चेहरे काळे पडतात, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ फाइलीत, काढा. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. लेन्सच्या काचेवर चिखल आला तर पुसू नका, त्यात वाळू असते. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावलेला असला की तो काढून पाण्याखाली धुता येतो. मैदानात लेन्स बदलायची नाही. हाच नियम जांबावलीच्या शिगम्यातल्या गुलालाला. गुलाल सेन्सरवर बसला की ब्लोअरने निघत नाही.

खेळ संपल्यावर मंडळी अंग धुतात, तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा.

शिगम्याचं गणित वेगळं, कारण बहुतेक सगळं रात्री. गावच्या मांडावर (शिगमो खेळायच्या ठरलेल्या जागेवर) नमन चालू असतं तेव्हा ३५ एमएमची लेन्स, एफ/१.८ (लेन्सचं तोंड मोठं उघडं), आयएसओ ३२०० आणि जवळ उभं राहणं. रोमटामेळात (ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीत) ढोलवाल्याचा हात गोठवायला १/२५० लागतो, झेंडे आणि अब्दागिऱ्या (मानाच्या छत्र्या) नाचवतात तेव्हा १/५०० बरा. चित्ररथांवरच्या एलईडी दिव्यांनी फोटोत काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकलवर या आणि रथ उभा असताना १/१०० किंवा १/५० वापरा, पट्टे बहुतेक जातात. कुणाच्या अंगात अवसर (देवाचा संचार) आला असेल तिथे फ्लॅश मारणं मला असभ्य वाटतं, कुणी अडवलं नाही तरी.

घरी आल्यावरचं काम लोक टाळतात. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-गाव-उत्सव-क्रमांक असं द्या. दोन कॅमेरे असतील तर दोघांची घड्याळं निघण्यापूर्वी फोनशी जुळवा, नाहीतर क्रम लागत नाही. नावं फोटोच्या आतच, आयपीटीसीच्या (फाइलीतच साठणाऱ्या माहितीच्या) कॅप्शनच्या रकान्यात, देवनागरी युनिकोडमध्ये लिहा. डिजिकॅम हे फुकटचं सॉफ्टवेअर त्याला पुरतं. वेगळ्या वहीत लिहिलेली नावं वहीबरोबर जातात. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन पोचतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात.

समितीचे लोक म्हणतील, गावचाच ना तू, फुकट दे. सभामंडपातल्या फलकासाठी दहा फोटो द्या, नावांसकट. बाकीचे विकत. गावाचा अभिमान आहे म्हणून फुकट काम करणारा दोन वर्षांत थकतो आणि मग कुणीच काढत नाही. देवाच्या तोंडावर आपल्या नावाचा वॉटरमार्क मारणारेही आहेत, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

कॅमेरा: नवा घेऊ नका. वापरलेला निकॉन डी७२०० बघा, कारण त्यात दोन कार्डांचे खण आहेत, एक कार्ड गेलं तरी उत्सव हातचा जात नाही. नंतरच्या डी७५०० ला एकच खण आहे. सोबत ३५ एमएम एफ/१.८ आणि वापरलेली ७०-३०० व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी) दूरची लेन्स. उरलेल्या पैशांत हवाबंद डबा, आर्द्रता दाखवणारा काटा आणि सिलिका जेल घ्या. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला एक मोसम पुरतो. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. एसी गाडीतून उतरताना बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते.

पणजीच्या चित्ररथ मिरवणुकीत दोरीपलीकडूनच काम करावं लागतं, तिथे ३५ चा उपयोग नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि नावांवर मी इतका जोर दिला तरी लहान मुलांची नावं इंटरनेटवर टाकू नका. ती फाइलीत ठेवा, आणि पालकांना प्रिंट द्याल तेव्हा त्याच्या मागे लिहा.