मेडिकल टूरिझममध्ये छोट्या आयटी कंपनीला खरंच काम आहे का?

पुण्यात तुमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, परदेशी रुग्ण आणि इथली रुग्णालयं यांची गाठ घालून देणारं अ‍ॅप काढावं म्हणता, आणि त्यात धंदा आहे का असं विचारलंय. धंदा आहे, पण त्या अ‍ॅपमध्ये नाही. मी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या इंटरनॅशनल पेशंट डेस्कवर सहा वर्षं होते आणि आता रुग्णालयांना याच कामाची यंत्रणा बसवून देते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाठ घालून देणारे उदंड आहेत. मस्कत असो की नैरोबी, तिथे वर्षानुवर्षं काम करणारे एजंट आहेत. आणि ज्याच्या घरात कॅन्सर निघालाय तो माणूस अ‍ॅपवरचे तारे मोजत बसत नाही. गेल्या वर्षी मुंबईला जाऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारतो. तुमचे सगळे पैसे जाहिरातीत जातील. खरी अडचण रुग्ण सापडल्यानंतर सुरू होते, आणि तिथे आजही व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेल आणि डेस्कवरच्या मुलींची स्मरणशक्ती यांवर काम चालतं.

एक प्रसंग सांगते. ओमानहून एका गृहस्थांच्या मणक्याच्या एमआरआयचे फोटो आले, फिल्म खिडकीच्या काचेला धरून मोबाइलवर काढलेले. त्यावरून ओपिनियन झालं, ऑपरेशनचं एस्टिमेट गेलं, आणि ते मुलाला घेऊन आले. इथे मूळ सीडी लावून पाहिली, रुग्णाला तपासलं, तर ऑपरेशनची गरजच नव्हती. ऐकून त्यांना बरं वाटलं, पण प्रवासासाठी त्यांनी उसने पैसे घेतले होते. मूळ फाइल आधी मागवली असती तर ते घरीच राहिले असते. चूक आमची होती आणि ती मला अजून टोचते.

तुमचं पहिलं काम इथेच आहे. एमआरआय किंवा सीटीची मूळ फाइल डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या ठरावीक स्वरूपात असते आणि एकेक तपासणी शेकडो एमबीची भरते. रुग्णालयाचा आयटी विभाग बाहेरच्या माणसाला आपल्या पॅक्समध्ये, म्हणजे तपासण्यांच्या प्रतिमा साठवणाऱ्या यंत्रणेत, शिरू देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मधे एक वेगळी पेटी लागते: रुग्णाला लिंक जावी, नेट तुटलं तरी अपलोड जिथे थांबला तिथून पुढे चालू व्हावा, आणि डॉक्टरांना ब्राउझरमध्येच सगळ्या प्रतिमा नीट उलगडता याव्यात. प्रतिमा साठवायला ऑर्थँक आणि ब्राउझरमध्ये दाखवायला ओएचआयएफ ही मुक्त स्रोत साधनं आहेत, शून्यापासून काही लिहावं लागणार नाही. मेहनत आहे ती, ज्याने आयुष्यात कधी झिप फाइल केली नाही अशा माणसाला हे जमेल इतकं सोपं करण्यात.

दुसरी गोष्ट बारीक वाटेल, पण तिच्यावर रुग्ण हातचे जातात. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी. रविवारी तिथे कामाचा पहिला दिवस, घरातली मंडळी रिपोर्ट पाठवतात, आणि आपल्याकडे डेस्क बंद. कुठली केस कुणाकडे किती तास पडून आहे हे दाखवणारा एक साधा फलक आणि कन्सल्टंटच्या फोनवर वेळेत जाणारी आठवण, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

नावांचंही तसंच. आपल्या सॉफ्टवेअरला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन चौकोन माहीत. अरबी किंवा इथिओपियन नाव त्यात कोंबलं की व्हिसा लेटरवर एक, पासपोर्टवर दुसरं. मग वकिलातीत खोळंबा. शिवाय परदेशी रुग्ण दाखल झाला की 24 तासांत सरकारला ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला आम्ही सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतो. पासपोर्टचं पान एकदाच स्कॅन करून तीच माहिती सगळीकडे जशीच्या तशी गेली, तर डेस्क तुमचे आभार मानेल.

भाषांतर यंत्राकडे सोपवताना फार जपा. डिस्चार्ज समरीतला औषधाचा डोस चुकला तर थेट जिवाशी गाठ आहे. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे, त्यातले आकडे आणि औषधांची इंग्रजी नावं मात्र डावीकडून उजवीकडे; पीडीएफ छापताना ओळीच उलटसुलट होतात. ठरावीक वाक्यांचे, दुभाष्याकडून तपासून घेतलेले साचे करा आणि यंत्राचा मसुदा माणसाने वाचल्याशिवाय बाहेर सोडू नका. तुम्ही पुण्यात आहात हे इथे कामी येईल: येमेन, सुदान, इराकचे विद्यार्थी तुमच्या शहरात शिकतात.

सर्वांत मोठी पोकळी रुग्ण परत गेल्यानंतरची. विमानात बसला की तो आमच्या यादीतून पुसला जायचा. दहाव्या दिवशी टाक्यातून पाणी यायला लागलं की त्याने कुणाला दाखवायचं? जखमेचा फोटो, ताप, औषधं घेतली की नाही, हे ठरलेल्या दिवशी त्याच्या भाषेत विचारणारी आणि उत्तर खटकलं तर इथल्या टीमला उठवणारी व्यवस्था करा. एक काळजी घ्या: आपल्या टेलिमेडिसिनच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत भारताबाहेरच्या सल्ल्याची तरतूद नाही. म्हणून रुग्णाच्या गावातल्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून त्यात घ्या, त्याच्यासाठी वेगळं लॉगिन ठेवा, आणि औषध बदलायचा निर्णय त्याच्याकडे राहू द्या. रुग्णासोबत उपचाराचे कागद नसल्यामुळेच हा डॉक्टर अनेकदा चिडलेला असतो.

आता पैसे. रुग्णामागे टक्केवारी घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी. डॉक्टरांना रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्याघेण्याला 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेने मनाई केली आहे. शिवाय टक्केवारी घेणाऱ्याला महागडं ऑपरेशन गोड लागायला लागतं, हे मी जवळून पाहिलंय. महिन्याचं भाडं किंवा केसमागे ठरावीक फी घ्या. किंमत सांगताना लक्षात ठेवा की उपचारांवर जीएसटी नसल्यामुळे तुमच्या बिलावरच्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, रुग्णालयाला सहसा मिळत नाही. तुमचे 1 लाख त्यांना 1 लाख 18 हजारांना पडतात. नंतर घासाघीस होते ती इथेच.

एकाच देशावर विसंबूही नका. ऑगस्ट 2024 नंतर बांगलादेशींचे व्हिसा आक्रसले आणि कोलकात्यातल्या रुग्णालयांना त्याची झळ बसली.

मोठ्या साखळ्यांकडे आधी जाऊ नका, त्यांची खरेदी समिती तुम्हाला वर्षभर फिरवेल. महिन्याला मोजकेच परदेशी रुग्ण घेणारं, शंभर-दोनशे खाटांचं रुग्णालय गाठा. डॉक्टर मालकाची परवानगी घ्या आणि गुप्ततेच्या करारावर सही करून दोन आठवडे त्यांच्या डेस्कशेजारी खुर्ची टाकून बसा. त्यातला एक रविवार असू द्या. फोन कुणाला जातो, रिपोर्ट कुठे अडकतो, तीच माहिती किती वेळा टाइप होते, हे वहीत टिपा. कोड त्यानंतर लिहा.