बेतीहून पणजी किती लांब?

प्रश्न: आमचे एनसीसी कॅडेट कवायतीत, नकाशावाचनात तरबेज आहेत. पण लढाईचा प्रश्न दिला की सगळे थेट ‘हल्ला कुठून करायचा’ यावर येतात. त्यापलीकडे विचार करायला कसं शिकवावं?
— एक शिक्षक, म्हापसा

उत्तर: हल्ला कुठून, हा डावपेचांचा प्रश्न. कशासाठी आणि आत्ताच का, हा रणनीतीचा. व्याख्यानाने हा फरक पाठ होतो, अंगात मुरत नाही. मुलांना निर्णय घ्यायला लावा, तोही रोज फेरीबोटीतून दिसणाऱ्या जागेचा.

18 डिसेंबर 1961, संध्याकाळ. पोर्तुगीजांकडून गोवा सोडवायची कारवाई सुरू आहे. दोडामार्गकडून आलेल्या भारतीय 50 पॅरा ब्रिगेडची तुकडी बेतीला पोचली आहे. समोर मांडवीचं सुमारे 500 मीटर पाणी, पलीकडे पणजी. मूळ योजनेत या ब्रिगेडकडे दुय्यम काम होतं. मुख्य मुसंडी पूर्वेकडून. पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवलेत. नदी ओलांडायचा हुकूम नाही. काय कराल?

वेळ 40 मिनिटं. आधी प्रत्येकाने एकट्याने, एका पानावर ‘अ‍ॅप्रिसिएशन’ लिहायचं: उद्दिष्ट, घटक, खुले पर्याय, निवडलेला पर्याय. मग चौघांच्या गटात चर्चा. अंडर ऑफिसरने (वरिष्ठ कॅडेटने) सर्वांत शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे नुसती मान डोलावतात.

पहिली चूक उद्दिष्टातच होते. बहुतेक जण ‘पणजी घेणे’ लिहितील. पणजी 19 तारखेला सकाळी हाती आली. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली ती त्याच दिवशी अंधार पडल्यावर, वास्कोला. मग उद्दिष्ट शहर होतं की सत्ता?

दुसरी चूक घटकांत. ‘नदी रुंद आहे’ एवढं लिहून मुलं पुढे सरकतात. प्रत्येक ओळीपुढे ‘म्हणून’ लिहायला लावा. नदी रुंद आहे, पूल नाही, म्हणून होड्या हव्यात. म्हणून रणगाडे अलीकडेच राहणार. म्हणून पलीकडे उतरणाऱ्या पायदळाला त्यांचा आधार फक्त या काठावरून. खरा विचार तिसऱ्या ‘म्हणून’ला सुरू होतो.

25व्या मिनिटाला चिठ्ठी द्या: न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद भरली आहे, युद्धबंदीचा ठराव येतोय. ‘ते राजकारण्यांचं काम’ म्हणणारे निघतीलच. पण युद्धबंदी झाली तर जो जिथे उभा, तिथेच थांबतो. नदी आता मीटरात नाही, तासांत मोजावी लागते. (सोव्हिएत व्हेटोमुळे ठराव पडला, हे शेवटी सांगा.)

शत्रूची बाजू कच्च्या मुलाला देऊ नका, सर्वांत हुशार मुलीला किंवा मुलाला द्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा ‘शेवटपर्यंत लढा’ हा आदेश त्यांच्या हातात ठेवा. आणि गोव्यात निकाल सगळ्यांना पाठ असतो, तेव्हा गुण निकालाला नकोत, ‘म्हणून’ला द्या. नंतरच्या चर्चेला खेळाच्या दुप्पट वेळ ठेवा. ती गुंडाळली तर उरते नुसती करमणूक.

प्रश्न: वेरेंच्या नेव्हल वॉर कॉलेजात अनुभवी अधिकाऱ्यांनाच का घेतात? रणनीती विशीत का शिकवत नाहीत?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: सुरुवातीची वर्षं जहाज, तोफखाना, माणसं सांभाळायला शिकण्यात जातात, आणि ती जायलाच हवीत. पण तोवर हुकमाची वाट बघायची सवय हाडीमाशी खिळते, हा तोटा खराच. तरुण अधिकाऱ्याने एक वही ठेवावी: मोठा निर्णय कळला की पुढे काय होईल ते तारीख घालून लिहायचं, सहा महिन्यांनी उघडायचं. शाईने लिहा, पेन्सिलीने लिहिलेले अंदाज नंतर फार अचूक निघतात.